कुणाला गोधडी, कुणाला चटई!

पौष महिन्यातील रात्री घरातील सगळी मंडळी झोपली की एकदा त्यांच्याकडे नीट पाहा. आजी दोन गोधड्यांखाली मुटकुळे करून झोपलेली असते. बाबांच्या अंगावर नुसती चादर असते, आणि तीही गुडघ्यापर्यंत. ताईचे सगळे अंग पांघरुणात, पण एक पाय मात्र बाहेर! धाकट्या भावाने तर पांघरूण केव्हाच लाथाडून दिलेले असते. खोली एक, थंडी एक, मग प्रत्येकाची तऱ्हा निराळी का?

आता घराबाहेर, देशोदेशी नजर टाका. जपानात पुष्कळ लोक जमिनीवर गादी घालून झोपतात आणि सकाळी ती घडी करून कपाटात ठेवतात. जर्मनीत नवरा-बायको एकाच पलंगावर झोपले, तरी बहुधा प्रत्येकाची रजई वेगळी असते. मेक्सिकोच्या युकातान भागात माणसे जाळीच्या झोळ्यांत झोपतात. बंगाल्यांना उन्हाळ्यात शीतलपाटी हवी असते, तर आपल्या धनगर मेंढपाळाला बाराही महिने घोंगडी पुरते. या साऱ्यांत शहाणे कोण आणि वेडे कोण? उत्तर देण्याआधी थोडे विज्ञान पाहू.

घोंगडी गरम असते काय?

'घोंगडी गरम असते' असे आपण सहज म्हणतो. मग एक प्रयोग करा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघड्या ताटलीत ठेवा, दुसरा लोकरीच्या कापडात चांगला गुंडाळून तशाच ताटलीत ठेवा. घोंगडी खरोखर गरम असेल, तर तिच्यातील बर्फ आधी वितळायला हवा. पण होते उलटेच! उघडा तुकडा लवकर संपतो, गुंडाळलेला बराच वेळ टिकतो. बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा टाकून ती गोणपाटात का गुंडाळतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते फक्त उष्णतेची ये-जा मंद करते. हे काम मुख्यतः धागे करीत नाहीत, तर धाग्यांच्या मध्ये कोंडलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच ओले पांघरूण निरुपयोगी ठरते.

काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस याविषयी अनेक प्रयोग केले. तापमापीभोवती रेशीम, लोकर, कापूस, पिसे असे निरनिराळे पदार्थ भरून, ती आधी उकळत्या पाण्यात तापवून मग बर्फात ठेवायची आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. ऊब राखण्यात पदार्थात अडकून राहिलेल्या हवेचा मोठा वाटा असतो, हे त्याच्या ध्यानी आले. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले.

आता आपल्या गोधडीकडे पाहा. जुनी लुगडी, धोतरे, साड्या यांचे थर एकावर एक ठेवून आजी त्यांना बारीक धावदोरा घालते. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा अडकतो. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि हवाही फारशी खेळत नाही. वापरून मऊ झालेले कापड अंगाला नीट लपेटते, त्यामुळे फटींतून वारा शिरत नाही. कुठे हिला वाकळ म्हणतात. बंगालातील कांथा आणि बिहारमधील सुजनी या हिच्याच बहिणी.

आत किती येते, बाहेर किती जाते?

तळाला तोटी असलेली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून नळाचे पाणी येते आहे, खालून तोटीने जाते आहे. येणे आणि जाणे सारखे असेल, तर टाकीतील पातळी कायम राहते. आपले शरीरही तसेच आहे. झोपेत मोठ्या माणसाचे शरीर सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे जवळजवळ जुन्या पद्धतीच्या तारेच्या एका दिव्याइतकी. ही उष्णता सतत बाहेर जायला हवी. फार जलद गेली तर थंडी वाजते, फार मंद गेली तर उकडते. अंथरूण-पांघरूण ही या टाकीची तोटी. हवी तेवढी उघडावी, हवी तेवढी बंद करावी.

आणखी एक गंमत पाहा. रात्री शरीराच्या आतील तापमान हळूहळू सुमारे एक अंशाने उतरते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते. झोप येण्याच्या वेळी हातापायांतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तळहात-तळपाय ऊबदार होतात आणि तेथून उष्णता बाहेर पडते. ताईचा पांघरुणाबाहेर आलेला पाय म्हणजे उष्णता सोडणारी खिडकीच! रात्री दहाला नकोशी वाटणारी गोधडी पहाटे मात्र गळ्यापर्यंत ओढून घ्यावीशी वाटते, तीही याच उतारामुळे. शिवाय पहाटे हवाही सर्वांत थंड असते.

गाढ स्वप्ने पडत असतात त्या झोपेत घाम येणे आणि कुडकुडणे या शरीराच्या दोन्ही युक्त्या मंदावतात. त्या वेळी आपला भार बराचसा पांघरुणावरच असतो. चांगल्या पांघरुणात, अंगाच्या लगतच्या हवेचे तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस राहते. माणूस जपानचा असो की जळगावचा, त्याच्या पांघरुणातली ही छोटीशी 'हवामानाची खोली' साधारण सारखीच असते. निराळी असते ती बाहेरची थंडी, आणि म्हणून निराळे असते पांघरूण.

एकाच घरात तऱ्हा निराळ्या

आता आजीच्या दोन गोधड्यांचे कोडे सोडवू. उतारवयात स्नायू कमी होतात आणि शरीर उष्णता कमी निर्माण करते. थंडीत त्वचेकडील रक्तपुरवठा आखडून उष्णता वाचविण्याची शक्तीही मंदावते. काही वृद्धांना तर थंडी वाजते आहे हेच उशिरा कळते. म्हणून आजी 'मला नको पांघरूण' म्हणाली, तरी तिचे हातपाय गार लागतात का ते पाहावे. स्त्रियांचे हातपाय पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक थंड असतात. त्यामुळे एकाच खोलीत आईला पंखा बंद हवा असतो आणि बाबांना चालू. दोघांचेही म्हणणे खरे असते!

तान्ह्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी. दोन सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ ८ घन सेंटिमीटर. चार सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ९६ आणि घनफळ ६४. म्हणजे लहान घनाला त्याच्या आकारमानाच्या मानाने दुप्पट पृष्ठभाग आहे, म्हणून तो लवकर निवतो. बाळ हा असाच लहान घन. त्याला ऊब हवी. पण तोंडावरचे पांघरूण हाताने दूर करणे त्याला जमत नाही, हेही विसरता कामा नये.

या साऱ्यांत सवयीचाही वाटा आहे. लहानपणापासून कठीण चटईवर झोपलेल्या माणसाला मऊ गादीत रुतल्यासारखे होते, तर गादीवर वाढलेल्याला चटईवर हाडे टोचतात. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि मान यांतील अंतर भरून काढायला जाड उशी लागते, पाठीवर झोपणाऱ्याला पातळ पुरते. उशीचे प्रकार तरी किती! इजिप्तमधील तुतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली सापडले, त्यात डोके टेकण्यासाठी केलेल्या कठीण बैठकी मिळाल्या. जपानात बकव्हीट नावाच्या धान्याची टरफले उशीत भरतात. त्यांतून हवा खेळते आणि डोके थंड राहते. आपल्याकडे सावरीचा कापूस भरतात. त्याचे तंतू आतून पोकळ असल्यामुळे उशी हलकी होते.

जमिनीवर की पलंगावर?

जमिनीवर झोपणे हे गरिबीचे लक्षण, असे काही जणांना वाटते. पण कोरियातील घर पाहा. तेथे जमिनीच्या फरशीखालून चुलीचा गरम धूर खेळविण्याची 'ओंडोल' नावाची पद्धत फार जुनी आहे. आजच्या घरांत धुराऐवजी नळ्यांतून गरम पाणी फिरवितात. ज्या घरात जमीन हीच सर्वांत ऊबदार जागा, तेथे उंच पलंगावर कोण जाईल? उत्तर चीनमध्ये विटांचा 'कांग' नावाचा ओटा असतो. त्याच्या पोटातून चुलीचा धूर जातो आणि वर सारे कुटुंब झोपते.

युरोपातील जुन्या घरांत याच्या उलट स्थिती होती. थंड हवा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. फटींतून येणारा वाराही जमिनीवरूनच वाहतो. म्हणून तेथील श्रीमंतांचे पलंग उंच असत आणि त्यांना चारी बाजूंनी जाड पडदे असत. आइसलँडमध्ये आयडर नावाच्या बदकाची मादी आपल्या छातीची मऊ पिसे घरट्यात अंथरते. ती गोळा करून अत्यंत हलकी रजई करतात. ब्रिटनमध्ये मात्र चादर आणि ब्लँकेट गादीखाली खोचण्याची पद्धत दीर्घकाळ होती. तेथे पिसांची रजई रूढ झाली ती १९६० नंतर. पांघरुणाची ऊब मोजण्यासाठी १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेत 'टॉग' हे एकक ठरविले गेले. ब्रिटनमधील रजईवर आज हा आकडा छापलेला असतो. उन्हाळ्यासाठी सुमारे ४.५, कडक हिवाळ्यासाठी १३.५.

उष्ण व दमट प्रदेशात प्रश्न उलटा असतो. तेथे हवा कोंडायची नसते, खेळवायची असते. बंगाल आणि सिल्हेटमध्ये मुर्ता या झुडपाच्या सालीच्या गुळगुळीत पट्ट्यांची शीतलपाटी विणतात. तिच्यात हवा कोंडणारा कापूस नाही, त्यामुळे अंगाची उष्णता खालच्या गार जमिनीत सहज उतरते. सिल्हेटच्या या कलेची नोंद युनेस्कोने २०१७ साली आपल्या वारसायादीत केली. आपल्या विणलेल्या बाजेला खालूनही वारा लागतो, झोळीला तर सर्व बाजूंनी. चीन, इंडोनेशिया, फिलिपाइन्स या देशांत बांबूच्या कामट्यांची लांबट पोकळ लोड कुशीत घेऊन झोपत. त्यामुळे हातपाय अंगाला चिकटत नाहीत आणि मधून वारा वाहतो.

मेंढपाळाला ऊन, वारा, पाऊस सारेच सोसावे लागते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी वाफ शोषून घेते, तरी ओली लागत नाही. म्हणून तीच घोंगडी रात्री अंथरायला आणि पावसात डोक्यावर खोळ करायलाही चालते.

रूढीही राहिली, बाळही राहिले

मग ज्याची त्याची पद्धत ज्याला त्याला बरोबर, असे म्हणून थांबावे काय? नाही. एके ठिकाणी मात्र फार जपावे लागते, आणि ते म्हणजे तान्हे बाळ. पूर्वी अनेक देशांत बाळांना पालथे झोपवीत. अशी काही निरोगी बाळे झोपेतच दगावत. पालथे झोपविणे, मऊ बिछाना आणि डोक्यावर येणारे पांघरूण यांनी हा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम झाली आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर झोपवावे, पहिल्या वर्षात त्याच्याजवळ उशी व जाड सैल पांघरुणे ठेवू नयेत, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची रीत आहे. तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

न्यूझीलंडमधील माओरी लोकांत बाळाला आईबापांच्या कुशीत झोपविण्याची परंपरा आहे. 'असे करू नका' एवढेच सांगून ती सुटण्यासारखी नव्हती. तेव्हा माओरी विणकर आणि डॉक्टर एकत्र आले. तेथील हाराकेके या वनस्पतीच्या पात्यांची एक सपाट टोपली विणण्यात आली. तिचे नाव 'वाहाकुरा'. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची आणि बाळाला तिच्यात झोपवायचे. बाळ आईच्या हाताशी राहते, पण त्याच्यावर कोणाचे अंग किंवा पांघरूण येत नाही. रूढीची थट्टा न करता तिच्यातील धोका तेवढा काढून टाकला, हे किती शहाणपणाचे!

तुम्ही काय कराल?

झोपेत मोठ्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. त्यातले काही अंथरुणात मुरते. दमट अंथरुणात धुळीतील सूक्ष्म कोळी वाढतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. म्हणून अंथरुणाला ऊन दाखवावे. दबलेल्या गादीतील हवा निघून जाते, ती पिंजारी कापूस पिंजून पुन्हा भरतो.

आता एक छोटा अभ्यास. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीला कोरडा टॉवेल गुंडाळा, तिसरीला तसाच टॉवेल ओला करून गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. कोणती बाटली सर्वांत आधी निवते? कोरड्या टॉवेलऐवजी गोधडीचा तुकडा, वर्तमानपत्राच्या घड्या आणि सावरीचा कापूस घेऊन पुन्हा करून पाहा.

आणि पुढच्या वेळी कोणी पाहुणा चटई मागेल किंवा भर उन्हाळ्यात चादर मागेल, तेव्हा हसू नका. त्याला विचारा, "तुमच्या गावची हवा कशी आहे?" बहुधा त्याच्या अंथरुणाचे कारण त्या उत्तरातच मिळेल.