पाठिंबा : जाहीर, छुपा आणि बाहेरून

बारामतीच्या इतिहासात पाठिंब्याची एक मोठी गोष्ट १७४० सालची आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये थोरले बाजीराव वारले आणि साताऱ्याला शाहू महाराजांपुढे पेशवाईची वस्त्रे कुणाला द्यायची हा प्रश्न आला. त्या वेळी बारामतीचे सावकार बाबूजी नाईक जोशी यांचे नाव पुढे आले. ते रेटले नागपूरकर रघूजी भोसल्यांनी. नाईक पेशव्यांना परके नव्हते. त्यांचे भाऊ आबाजी नाईक यांना बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती, शिवाय पेशव्यांकडे नाईकांचे मोठे कर्ज होते. सोयरीक होती, पैसा होता, फौजबंद सरदार पाठीशी होता. तरी जूनमध्ये वस्त्रे मिळाली ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना.

पेशवाई हुकलेल्या याच नाईकांनी पुढे मोरोपंतांना बारामतीत आश्रय दिला आणि पंतांच्या आर्या कऱ्हेकाठी लिहिल्या गेल्या. रघूजींनी नाईकांना दिला तो पाठिंबा, नाईकांनी पंतांना दिला तो आश्रय. आश्रय वरून खाली येतो; देणारा मोठा आणि घेणारा लहान हे त्यात ठरलेलेच असते. पाठिंब्याला तशी उतरंड लागत नाही. राजा सावकाराला पाठिंबा देऊ शकतो, आणि अर्धा एकरवाला शेतकरी खासदाराला. बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांत हा शब्द जितका वापरला, फिरवला आणि झिजवला गेला, तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठे वापरला गेला असेल.

पाठीचा गोतावळा

शब्दाच्या मुळाशी ‘पाठ’ आहे हे सांगायला कोश उघडावा लागत नाही. मराठीने पाठीवर फार मोठा संसार उभा केला आहे. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. आपल्यानंतर जन्मलेला तो पाठचा भाऊ. शाबासकी द्यायची तर पाठ थोपटायची, पळ काढायचा तर पाठ दाखवायची आणि संबंध तोडायचा तर पाठ फिरवायची. आमदारांच्या कार्यअहवालात दर दोन ओळींनी येतो तो ‘पाठपुरावा’. या सगळ्यांत पाठ ही माणसाची उघडी बाजू आहे, स्वतःला न दिसणारी. ती सांभाळायला दुसरा लागतो. पाठिंबा देणारा म्हणूनच पुढे उभा नसतो. लढणारा पुढे, हा मागे.

मग ‘समर्थन’ आणि ‘पाठिंबा’ एकच का? वर्तमानपत्रे दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतात, पण व्याकरण फरक दाखवते. आपण मागणीला पाठिंबा देतो, आणि निर्णयाचे समर्थन करतो. पाठिंबा द्यायचा असतो, मिळवायचा असतो आणि काढून घ्यायचा असतो. ‘पाठिंबा करणे’ असे कुणी म्हणत नाही. समर्थन करायचे असते, म्हणजे कारणे द्यायची असतात. चुकीच्या गोष्टीचेही समर्थन करता येते, आणि ते करताना माणूस बोलत सुटतो. पाठिंब्याला फारसे बोलावे लागत नाही, पण उभे राहावे लागते. ‘दुजोरा’ हा बातमीला मिळतो. ‘अनुमोदन’ ठरावाला. ‘कैवार’ घ्यायचा तो दुबळ्याचा.

आणि पाठिंब्याचा बिघडलेला अवतार म्हणजे तळी उचलणे. मूळ तळी खंडोबाची. ताम्हनात खोबरे, भंडारा आणि सुपारी ठेवून चौघांनी मिळून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ती उचलायची. जेजुरी बारामती लोकसभा मतदारसंघातच येते, तेव्हा इथल्या माणसाला हा कुळाचार शिकवावा लागत नाही. बोलीत मात्र एखाद्याची तळी उचलणे म्हणजे विचार न करता त्याच्या सुरात सूर मिसळणे. कुळाचारातली भक्ती राजकारणात आली की तिची लाचारी कशी होते, हे या एका वाक्प्रचाराने नोंदवून ठेवले आहे.

सूचक आणि अनुमोदक

पाठिंब्याचे सर्वांत साधे लेखी रूप ग्रामसभेच्या ठरावात मिळते. विषय लिहायचा, ठराव लिहायचा आणि खाली दोन नावे: सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या शिक्क्यासारख्या वाक्याआधी ही दोन नावे असतात, म्हणून जबाबदारी कुणाची हे वर्षांनंतरही कळते. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोघांच्या सह्या असतात. लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. जितका एकटा किंवा जितका उंचावरचा दावा, तितक्या जास्त माणसांनी आधी नाव लावायचे.

या दोन तालुक्यांत सहीचे हे महत्त्व सर्वांत जास्त जाणवते ते साखर कारखान्यांच्या निवडणुकीत. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा. इथे पक्षापेक्षा पॅनेल मोठे असते. कालचा विरोधक आजच्या पॅनेलमध्ये दिसतो आणि सभासद त्याचा हिशेब उसाच्या दरावर, तोडणीच्या तारखेवर आणि शेअर्सवर मांडतात. पवारांच्या तालुक्यातला माळेगाव कारखाना २०१५ मध्ये पवारविरोधी तावरे गटाने जिंकला आणि २०२० मध्ये तो पुन्हा राष्ट्रवादीकडे आला. ज्यांना बाहेरचे लोक ‘बालेकिल्ल्याचे मतदार’ म्हणतात, त्यांनी कारखान्याच्या बाबतीत स्वतंत्र निर्णय घेतला होता.

गावोगावच्या बोलण्यात या पाठिंब्याची प्रतवारी ठरलेली आहे. ‘जाहीर’ म्हणजे व्यासपीठावर येऊन हार घालून दिलेला. ‘छुपा’ म्हणजे रात्री फोनवर दिलेला. आणि सर्वांत अवघड तो ‘वरून दिला, पण आतून काम केलं नाही’. यातला ‘काम’ हा शब्द महत्त्वाचा. घरोघर फिरणे, बूथ सांभाळणे, म्हातारी माणसे गाडीने मतदानाला आणणे हे काम. ते केले तर पाठिंबा खरा. खात्री वाटत नसेल तिथे बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावण्यापर्यंत मजल जाते. तोंडी शब्दावरचा विश्वास उडाला की देवाला साक्षीला बोलवावे लागते.

उपोषणाचा मंडप

माणसाला दिलेल्या पाठिंब्याची ही एक बाजू झाली. मागणीला दिलेल्या पाठिंब्याची रीत वेगळी असते, आणि ती बारामतीत पाहायला मिळते कारण आंदोलकांना बारामती निवडावीशी वाटते. नोव्हेंबर २०११ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी उसाच्या दरासाठी पंढरपूरहून पदयात्रा काढली आणि बारामतीत उपोषण केले. तेव्हा शरद पवार केंद्रात कृषिमंत्री होते आणि अजित पवार राज्यात उपमुख्यमंत्री. जिथे निर्णय घेणाऱ्याचे घर, तिथेच मंडप टाकायचा हा त्यामागचा हिशेब. ऊसदरातही एक आधार आहेच: किमान किमतीच्या जागी २००९ मध्ये केंद्राने ‘रास्त आणि किफायतशीर दर’ आणला, म्हणजे एफआरपी. पण आधार सरकार देते, तो आकड्यात असतो. पाठिंबा शेजारचा शेतकरी देतो, आणि तो तोड बंद ठेवून.

जुलै २०१४ मध्ये धनगर समाजाची पदयात्रा पंढरपूरहून बारामतीत आली आणि इथे उपोषण सुरू झाले. मागणी अनुसूचित जमातीत समावेशाची. राज्यात धनगरांना भटक्या जमातींच्या ‘क’ प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र ‘धनगड’ असे नाव आहे, आणि ‘ड’ व ‘र’ यांचा हा घोळ आहे असे आंदोलकांचे म्हणणे. तेव्हा विरोधी पक्षात असलेले देवेंद्र फडणवीस बारामतीत उपोषणस्थळी आले. सत्तेत आल्यावर मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत निर्णय घेऊ, असा शब्द त्यांनी दिला. त्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. निर्णय झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मागणीच्या याचिका फेटाळल्या.

अशा मंडपात पाठिंबा कागदावर येतो. ग्रामपंचायतीचे ठराव, संघटनांच्या लेटरहेडवरची पत्रे, मग एक दिवसाचे लाक्षणिक उपोषण, साखळी उपोषण, गाव बंद. या क्रमात देणाऱ्याची किंमत वाढत जाते. पत्राला एक सही पुरते, बंदला दिवसाचा धंदा जातो. आंदोलक हे ओळखतात. म्हणून भाषण करून निघून जाणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा रात्री मंडपात झोपायला थांबणाऱ्याचे नाव त्यांच्या लक्षात राहते.

एका धरणाचे दोन काठ

मागणी योग्य असली तरी तिला दिलेला पाठिंबा शेजाऱ्याच्या विरोधात जाऊ शकतो, हे उजनीने दाखवले. भीमेवरच्या या धरणाचे पाणी मागे इंदापूर तालुक्यात पसरते. गावे इंदापूरची बुडाली आणि कालवे मुख्यतः सोलापूरचे भिजवतात. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे उचलण्याचा आदेश निघाला आणि सोलापूर जिल्हा पेटला. पेच असा की इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे त्या वेळी सोलापूरचे पालकमंत्री होते. ज्यांनी मत दिले त्यांच्या पाठीशी राहायचे, की ज्यांचे पालकत्व घेतले त्यांच्या? मे महिन्यात जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी आदेश रद्द झाल्याचे जाहीर केले. पुढे लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा उठला. दोन्ही काठांवर शेतकरीच होते, आणि दोन्हीकडचा पाठिंबा प्रामाणिक होता.

विधिमंडळातला हिशेब

मुंबईत गेल्यावर या शब्दाचे गणित होते. जुलै १९७८ मध्ये बारामतीच्या तरुण आमदाराने वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडून पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, सरकार बनवले आणि १८ जुलैला, वयाच्या ३८व्या वर्षी, शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्यावरची टीका मराठीत एकाच वाक्प्रचाराने झाली, तीही पाठीवरूनच: पाठीत खंजीर.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीकडे १३८ जागा होत्या, बहुमताला १४५ लागत होत्या, आणि ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांतले एक इंदापूरचे हर्षवर्धन पाटील. युतीला पाठिंबा देऊन ते राज्यमंत्री झाले. १९९९ मध्ये पुन्हा अपक्ष निवडून येऊन त्यांनी काँग्रेस आघाडीला साथ दिली आणि मंत्रिपद टिकले. तीन निवडणुका अपक्ष म्हणून जिंकणारा आमदार म्हणजे मतदारांनी माणसाला दिलेला पाठिंबा, आणि त्या माणसाने सरकारला दिलेला पाठिंबा, असा दुहेरी व्यवहार. पहिला कायम आणि दुसरा फिरता.

ऑक्टोबर २०१४ मध्ये मतमोजणी चालू असतानाच राष्ट्रवादीने भाजपला न मागता ‘बाहेरून पाठिंबा’ जाहीर केला. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. कोण कुणाच्या बाजूने होते याची नोंदच राहिली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला, तो प्रकार याच्या उलट. तिथे राज्यपालांपुढे आमदारांच्या सह्यांचे पत्र होते. अजित पवारांनी सादर केलेल्या त्या सह्या पाठिंब्यासाठी दिल्याच नव्हत्या, असे पक्षाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितले आणि २६ तारखेला सरकार गेले. एकदा नोंद न ठेवता पाठिंबा मोजला गेला, आणि एकदा नोंद असून तो निघाला नाही.

कुणाला, की कशाला?

मतदाराने या सगळ्याचे उत्तर २०२४ मध्ये आपल्या पद्धतीने दिले. लोकसभेला शरद पवार गटाच्या सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या, आणि बारामती विधानसभा क्षेत्रातही आघाडी त्यांचीच होती. सहा महिन्यांत विधानसभेला त्याच क्षेत्राने विरोधी गटाच्या अजित पवारांना १,००,८९९ मतांनी निवडून दिले. दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा, हा निर्णय पारावर आधीच बोलून झालेला होता. पुढाऱ्यांनी पाठिंबा म्हणजे निष्ठा असा अर्थ लावला. मतदाराने तो विषयापुरता आणि मुदतीपुरता दिला.

माझ्या मते शब्दाचा खरा अर्थ मतदाराच्या बाजूचा आहे. ‘तुमचा पाठिंबा कुणाला?’ हा प्रश्न अर्धा आहे, ‘कशाला?’ हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. राज्यात एक व्यवस्था अशी आहे जिथे माणूस वगळून फक्त मागणीलाच पाठिंबा मोजतात. ती म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद करण्याचे मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, एवढीच दोन चित्रे. आधी एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी करायची, आणि दुकान बंद व्हायचे तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. झालेल्या मतांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. जी घरी राहिली तिचे मत दुकानाच्या बाजूला पडते, मग तिने चावडीवर कितीही जोरात पाठिंबा दिलेला असो.