छत्रीतले आभाळ

मृग नक्षत्र लागले की आपल्याकडे घरोघरी एकच बोलणे सुरू होते. बियाणे आणले का? पाभर नीट केली का? पाऊस कधी येणार?

अशाच एका जून महिन्यात आम्ही बेलापुरात एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो होतो. घरधनी म्हणाले, "गुरुजी, मिरग लागला. आता पेरायला हरकत नाही."

त्यांचा दहा वर्षांचा मुलगा जवळच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, मृग कुठं लागला? मला दाखवा ना."

"अरे, मिरग म्हंजी मिरग. त्यात दाखवायचं काय?"

मग पोरगा आमच्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही दाखवा."

आम्ही गप्प बसलो. जन्मभर आम्ही मुलांकडून सत्तावीस नक्षत्रे पाठ म्हणून घेतली. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग. पण आभाळाकडे बोट करून हे मृग, असे आम्हाला सांगता येत नव्हते. त्या रात्री आभाळ मोकळे होते. आम्ही अंगणात उभे राहून खूप शोधले. मृग सापडले नाही.

त्या शेतकऱ्याने त्याच आठवड्यात धुळीत बाजरी पेरली. पाऊस लांबला. बी वाया गेले. दुसरे बी उसने आणून पुन्हा पेरावे लागले.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आपण नक्षत्राचे नाव घेतो, पण नक्षत्र म्हणजे काय ते पाहत नाही. हे पाहायला आम्ही उतारवयात शिकलो, आणि तेही मुलांबरोबर. त्यासाठी लागली एक जुनी छत्री.

तारांगण म्हणजे काय?

तारांगण म्हणजे घुमटाचे एक मोठे दालन. दिवे मालवतात. मधोमध एक यंत्र असते. ते घुमटावर उजेडाचे ठिपके टाकते. ते ठिपके म्हणजे तारे. वर्षभराचे आभाळ तासाभरात बसल्या जागी दिसते.

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली असे तारांगण झाले. त्याचे नाव कुसुमबाई मोतीचंद तारांगण. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या तारांगणांत त्याची गणना होते. मुंबईला वरळीत १९७७ साली नेहरू तारांगण उघडले. कधी जमले तर मुलांना घेऊन जरूर जावे.

पण पुणे-मुंबईला रोज कोण जाणार? म्हणून घरचे तारांगण करावे. काळी छत्री हाही घुमटच आहे. तिला साधारण आठ काड्या असतात. मधे दांडा असतो. दांडा फिरवला की सगळी छत्री फिरते. आभाळही असेच फिरताना दिसते. खरे म्हणजे पृथ्वी फिरते, पण आपल्याला वाटते की आभाळ फिरले. त्या फिरण्याचा खुंटा म्हणजे ध्रुवतारा. जात्याची पाळी फिरते आणि मधला खुंटा जागेवर राहतो, तसेच हे.

छत्री कशी तयार करावी?

पावसाला निरुपयोगी झालेली काळी छत्री घ्यावी. एक खडू, एक सुई, एक दाभण आणि एक बॅटरी घ्यावी. मुलांना जवळ बसवावे. मोजमाप त्यांनाच करू द्यावे.

छत्री उघडून आतून पाहा. दांडा जिथे कापडाला मिळतो, ती ध्रुवताऱ्याची जागा. तिथपासून काठापर्यंत प्रत्येक काडीचे नऊ सारखे भाग करा. खडूने खुणा करा. मग काड्यांना एक ते आठ असे आकडे द्या. आतून पाहताना घड्याळाचे काटे ज्या बाजूने फिरतात, त्या बाजूने आकडे वाढत जावेत. हे विसरू नये, नाहीतर आभाळ उलटे होईल.

आता तारे मांडू. मधून मोजायचे.

सप्तर्षी पाचव्या काडीजवळ येतात. त्यांतले चार तारे बाजेसारखे दिसतात, म्हणून पुष्कळ लोक त्यांना बाज म्हणतात. बाजेचे पहिले दोन तारे पाचव्या काडीच्या थोडे अलीकडे. एक तिसऱ्या खुणेच्या जरा आत, दुसरा जरा बाहेर. पुढचे दोन पाचव्या काडीजवळच, साडेतीन भागांच्या आसपास. शेपटाचे तीन तारे सहाव्या काडीकडे जातात. शेवटचा चौथ्या खुणेवर.

शर्मिष्ठेचे पाच तारे पहिल्या काडीपासून दुसऱ्या काडीकडे वेड्यावाकड्या ओळीत, साधारण तिसऱ्या खुणेवर मांडा.

कृत्तिकांचा पुंजका दुसऱ्या काडीच्या थोडा पुढे, साडेसहा भागांवर. रोहिणीचा तांबूस तारा दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीच्या मधोमध, सात भागांच्या थोडा पुढे.

मृगातला तीन ताऱ्यांचा बाण तिसऱ्या काडीच्या किंचित अलीकडे, अगदी काठावर. काठावर आला म्हणून तो चुकला, असे समजू नका. त्याची जागाच तिथे आहे. म्हणून तर मृगाचा बाण बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. तांबडा आर्द्रा तारा तिसऱ्या काडीवरच, आठव्या खुणेच्या जरा पुढे.

स्वाती पाचव्या आणि सहाव्या काडीच्या मधे, पण सहावीच्या जवळ, सात भागांवर. अभिजित सातव्या काडीच्या थोडा पुढे, पाच भागांवर.

ठळक ताऱ्याला दाभणाने भोक पाडा, बारीक ताऱ्याला सुईने. ध्रुव फार ठळक नाही, तेव्हा त्याला मोठे भोक नको. व्याध, हस्त, चित्रा हे दक्षिणेकडचे तारे या छत्रीत मावत नाहीत. ते बाहेर अंगणात पाहावेत.

मग खोलीत अंधार करा. एकाने छत्रीच्या वरून बॅटरीचा उजेड पाडावा. चिमणी किंवा मेणबत्ती नको, कापड पेटेल. छत्रीखाली बसलेल्यांना काळ्या कापडावर चांदण्या दिसतील. घरातली म्हातारी माणसेसुद्धा ते पाहायला वाकतात, असा आमचा अनुभव आहे.

छत्री कशी धरावी?

तोंड उत्तरेला करा. छत्रीचे टोक उत्तरेकडे आणि थोडे वर धरा. किती वर? बेलापुरात ध्रुवतारा जमिनीपासून सुमारे साडेएकोणीस अंश वर दिसतो. अंश मोजायला यंत्र नको. हात सरळ लांब करून मूठ धरली, तर ती मूठ सुमारे दहा अंश भरते. म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवा. तिथे ध्रुव. छत्रीच्या बाबतीत सोपा हिशेब असा, की दांडा जितका लांब, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके त्याचे टोक मुठीपेक्षा वर असावे.

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊ वाजता तिसरी काडी सगळ्यांत वर ठेवा. त्या वेळचे आभाळ छत्रीत आले. ध्रुवाच्या खाली दोन भागांपलीकडचे जे काही राहील, ते जमिनीखाली गेले, म्हणजे मावळले असे समजा.

आता छत्री घड्याळाच्या काट्यांच्या उलट बाजूला हळूहळू फिरवा. उजवीकडून तारे वर येतील, डावीकडे उतरतील. उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. एक काडी सरकली की तीन तास झाले. आठ काड्या म्हणजे चोवीस तास.

रात्रीची वीज आली की आपल्याला उसाला दारे धरायला जावे लागते. तेव्हा बाज कुठे आहे ते पाहून ठेवा. तीन तासांनी ती ध्रुवाभोवती एक काडी सरकलेली दिसेल. बाजेचे पहिले दोन तारे रेघेने जोडा आणि ती रेघ त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. रेघ ध्रुवाजवळ पोचते. अंधारात उत्तर कुठे, हे कळायला एवढे पुरे.

आणखी एक गंमत आहे. रोज रात्री त्याच वेळी पाहिले, तर आभाळ दीड महिन्यात एक काडी पुढे गेलेले असते. फेब्रुवारीच्या मध्यात नऊ वाजता तिसरी काडी वर, तर मेच्या मध्यात पाचवी. म्हणून मे महिन्यात सप्तर्षी उत्तरेला उंच दिसतात.

मग मृग कुठे लागला?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. पिवळ्या कागदाची एक टिकली कापा. हा सूर्य. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्याची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीच्या मधे, तिसरीच्या जवळ, पावणेसात भागांवर असते. टिकली तिथे चिकटवा आणि छत्री फिरवा.

काय दिसले? सूर्य उगवला की मागोमाग मृग उगवतो. दिवसभर दोघे जवळजवळ चालतात. सूर्याच्या उजेडात मृग दिसत नाही. संध्याकाळी दोघे मावळतात. म्हणून जूनमध्ये आम्ही रात्रभर शोधले असते तरी मृग सापडला नसता.

मृग लागला, याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. बस, एवढाच अर्थ. वर्षाचे ३६५ दिवस आणि नक्षत्रे सत्तावीस. म्हणून सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस राहतो. आपल्या वाडवडिलांजवळ छापील कॅलेंडर नव्हते. त्यांनी आभाळाचेच कॅलेंडर केले. ही त्यांची मोठी हुशारी होय.

पण कॅलेंडर पाऊस पाडत नाही. पाऊस समुद्रावरून येणारे वारे आणतात. ते कधी लवकर येतात, कधी उशिरा. आणि आपला अहिल्यानगर जिल्हा सह्याद्रीच्या आड पडतो, म्हणून इथे पाऊस आधीच कमी. मृगाची तारीख आली एवढ्यावर पेरू नये. शेतीखाते सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेली की मग पेरावे. मृग वेळ सांगतो, ओल मात्र जमिनीत हात घालून पाहावी लागते.

मृग पाहायचा तर डिसेंबरच्या मध्यात पाहा. दिवेलागणीला तो पूर्वेला उगवतो. चार पायांचे चार तारे आणि पोटात तीन ताऱ्यांचा बाण. एकदा ओळखला की मूल जन्मात विसरत नाही.

लोकर पिंजणाऱ्याची गोष्ट

हॉलंड देशात फ्रानेकर नावाचे गाव आहे. तिथे आइसे आइसिंगा नावाचा माणूस लोकर पिंजण्याचा धंदा करी. १७७४ सालच्या मे महिन्यात बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र आभाळात जवळजवळ दिसणार होते. कोणी तरी पुस्तिका छापली की ग्रह एकमेकांवर आपटतील आणि पृथ्वी जागची हलेल. लोक घाबरले.

झाले काहीच नाही. पण पिंजाऱ्याने विचार केला, की लोकांना ग्रह फिरतात कसे तेच दाखवावे. त्याने आपल्या राहत्या घराच्या छताला तारांगण बसवले. लाकडी चाके केली, दात्यांच्या जागी खिळे ठोकले आणि सगळे घड्याळाला जोडले. सात वर्षे लागली. १७८१ साली ते पुरे झाले. त्यातला शनी खऱ्या शनीसारखाच २९ वर्षांहून अधिक काळाने एक फेरी करतो. ते तारांगण अजून चालू आहे. २०२३ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

हे हसण्यावारी नेऊ नका. १९६२ सालच्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा आपल्या देशातही अशीच घबराट झाली होती. प्रलय होणार म्हणून लोकांनी ठिकठिकाणी होमहवन केले. तेव्हाही काही झाले नाही.

का झाले नाही? रस्त्याच्या कडेने विजेचे खांब पाहा. एका टोकाला उभे राहिले की सगळे खांब एकमेकांना चिकटलेले दिसतात. चालत गेले की दोन खांबांत केवढे अंतर असते! ग्रहांचेही तसेच आहे. एका रेघेत दिसले म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत.

आपण काय करावे?

मुलाने विचारले आणि आपल्याला आले नाही, तर लाज वाटू देऊ नये. गप्प बस असे मात्र म्हणू नये. चल, दोघे मिळून पाहू, असे म्हणावे. आता आपल्याला वाचता येते, आकडे मोजता येतात. छत्रीला याहून जास्त शिक्षण लागत नाही.

त्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही हिवाळ्यात पुन्हा गेलो. छत्री बरोबर नेली होती. आधी घरात छत्री पाहिली, मग सगळे अंगणात आलो. पूर्वेला तीन तारे उभ्या ओळीत वर येत होते. पोराच्या आधी बापच ओरडला, "गुरुजी, हा बघा मिरग!"