नियमित पदावली

नियमित पदावली : मजकुरातून ठराविक घडणीच्या चिन्हमाला शोधण्यासाठी संगणकात वापरले जाणारे संक्षिप्त लेखन. ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ वा ‘रेजेक्स’ या नावांनीही ती परिचित आहे. अमेरिकन गणितज्ञ स्टीव्हन कोल क्लेनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिचे गणिती रूप मांडले. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकूर-शोधासाठी तिचा उपयोग करण्याची रीत प्रसिद्ध केली.

पदावलीत साधी अक्षरे स्वतःचाच निर्देश करतात, चौकटी कंसातील चिन्हांपैकी कोणतेही एक चालते, महिरपी कंसातील अंक आवृत्तींची संख्या सांगतो आणि तारा म्हणजे ‘शून्य वा अधिक वेळा’. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या मोटारगाड्यांच्या सांगाड्यांवरील ओळख क्रमांक हे सोयीचे उदाहरण होय. या क्रमांकात १७ चिन्हे असतात. १ व ० या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वगळलेली असतात. त्यामुळे ‘ही तीन सोडून कोणतेही मोठे रोमन अक्षर वा अंक, १७ वेळा’ एवढी पदावली पुरते. अर्थात तिने घडण तपासली जाते. तशी गाडी खरोखर तयार झाली की नाही, हे कळत नाही.

एचटीएमएल भाषेत लिहिलेल्या पृष्ठांतील दुवे वेचणे इतके सरळ नसते. दुव्याची खूण कोनी कंस व ‘ए’ या अक्षराने सुरू होते. पत्ता ‘एचरेफ’ या गुणधर्मात असतो. दोन खुणांमध्ये ‘कोणतेही चिन्ह, कितीही वेळा’ असे लिहिल्यास तारा शक्य तितका लांब मजकूर ओढतो. एका ओळीत दोन दुवे असतील, तर पहिल्याच्या आरंभापासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंतचा सारा भाग एकच दुवा ठरतो. ‘अवतरणचिन्ह सोडून कोणतेही चिन्ह’ असे बंधन घातल्यास हा दोष जातो; परंतु पत्त्याभोवती एकेरी अवतरणचिन्हे असू शकतात किंवा मुळीच नसतात.

एचटीएमएल ही ‘नियमित’ भाषा नसल्याने हे काम अशक्यच आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते काहीसे ताणलेले आहे. एकमेकींत गुंफलेल्या खुणांच्या जोड्या जुळविणे काटेकोर अर्थाच्या नियमित पदावलीस जमत नाही हे खरे, पण दुव्याची एकटी आरंभखूण तिच्या आवाक्यातील असते. खरी अडचण संदर्भाची आहे. सुट्या भागांच्या पुरवठादारांसाठी असलेल्या पृष्ठावर एखाद्या रद्द आराखड्याचा दुवा टिपणीत झाकून ठेवलेला असेल, तर वाचकाला तो दिसत नाही; पदावली मात्र तोही उचलते आणि जुन्याच मापाचा भाग घडविला जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून परक्या पृष्ठांसाठी सर्व रचना उलगडणारा पार्सर वापरतात. पायथॉन भाषेबरोबर असा एक पार्सर मुळातच मिळतो. एकाच साच्यातून काढलेल्या स्वतःच्या पृष्ठांपुरते पदावलीने भागते.