निष्कर्षाची अट नसलेली शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वैद्यक, अभियांत्रिकी किंवा सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम येतो. शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च भागला, पुढे उत्तम गुणपत्रिका आली, की दिलेल्या पैशाचे फळ दात्याला दिसते. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा छडा लावण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती मात्र निराळ्या जातीची असते. तिच्यातून काय हाती लागेल हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

अमेरिकेतील फिनिक्स शहरात, वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या नावाच्या पत्रकारिता विद्यालयात, ‘न्यूज ट्वेंटीवन’ हा उपक्रम चालतो. (याच शहरात १९७६ साली डॉन बोल्स या शोधपत्रकाराचा मोटारीखाली लावलेल्या बॉम्बने बळी घेतला होता.) कार्नेगी आणि नाइट या दोन दानसंस्थांच्या साहाय्याने त्याचा आरंभ झाला. निरनिराळ्या विद्यापीठांतून निवडलेल्या विद्यार्थ्यांना मानधन आणि प्रवासखर्च देऊन उन्हाळाभर एकाच विषयावर काम करू द्यावयाचे, अशी त्याची रीत आहे.

२०१२ साली विषय होता मतदानाचा. मतदारांना छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे करणारे कायदे त्या सुमारास अनेक राज्यांत होत होते आणि तोतया मतदार रोखणे हे त्यांचे मुख्य समर्थन होते. असे तोतये प्रत्यक्षात किती, हे ११ विद्यापीठांतील २४ विद्यार्थ्यांनी शोधावयाचे ठरविले. पन्नासही राज्यांतील अधिकाऱ्यांकडे त्यांनी दोन हजारांहून अधिक लेखी मागण्या पाठविल्या. २००० सालापासूनची कथित गैरप्रकारांची २,०६८ प्रकरणे त्यांच्या हाती आली. त्यांत टपाली मतदानाविषयीची ४९१ आणि मतदार नोंदणीविषयीची ४०० होती. मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने उभे राहिल्याची प्रकरणे निघाली अवघी १०. नोंदणीकृत मतदार होते १४ कोटी ६० लाख.

काही कार्यालयांनी उत्तरेच दिली नाहीत, काहींनी अर्धवट दिली. आपली यादी अपूर्ण आहे हे विद्यार्थ्यांनी स्वतःच नमूद केले आणि सारी यादी लोकांसमोर ठेवली. मला हा भाग त्या १० या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्याला निष्कर्ष पटला नाही, त्यालाही तपासण्यासाठी कागद मिळाले. आणि हे काम कोणत्याही एका वार्ताहराच्या रोजच्या धावपळीत झाले नसते. शिष्यवृत्तीने विद्यार्थ्यांना दिला तो मुख्यतः वेळ.

निष्कर्षाला पारितोषिक लावले तर काय होते, याचा धडा शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मिळाला. तेथील विद्यार्थी जुन्या खटल्यांतील शिक्षा झालेले कैदी खरोखर दोषी आहेत काय, याचा तपास करीत. २००९ मध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयामार्फत त्यांची टिपणे, पत्रव्यवहार आणि चक्क गुणसुद्धा मागितले. कैदी निर्दोष असल्याचा पुरावा आणणाऱ्याला अधिक गुण मिळत होते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. विद्यापीठाने आरोप नाकारला. पण २०११ मध्ये न्यायाधीशांनी विद्यार्थ्यांना पत्रकाराचे संरक्षण न देता पत्रव्यवहार सोपविण्याचा आदेश दिला. सरकारी वकिलांचा हेतू काहीही असो, त्यांनी विचारलेला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा होता. आणि असा प्रसंग आला की विद्यार्थ्याला वकील लागतो. त्याची तरतूद शिष्यवृत्तीत सहसा नसते.

आपल्याकडे शोधपत्रकारितेला अशा साहाय्याचे वळण अगदीच नाही असे नव्हे. पी. साईनाथ यांनी १९९३ मध्ये एका वृत्तपत्राच्या फेलोशिपवर देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत भ्रमंती केली आणि त्यातून त्यांचा गाजलेला ग्रंथ उभा राहिला. पण ते तेव्हा मुरलेले पत्रकार होते. विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रतीचे पानामागे २ रुपये पडतात. पैशाची अडचण इथे नाहीच. उत्तरासाठी ३० दिवस, ते न मिळाल्यास पहिल्या अपिलाच्या निकालासाठी आणखी ३० ते ४५ दिवस. दुसऱ्या अपिलाला तर कायद्याने मुदतच घातलेली नाही. तोवर सत्र संपते, परीक्षा येते, आणि प्रकल्प म्हणून वृत्तपत्रांच्या कात्रणांवर आधारलेला निबंध सादर होतो. वर्षभराची शिष्यवृत्ती असेल तर तोच विद्यार्थी अपील करील, तालुक्याच्या कार्यालयात चार खेपा घालील, कागदावरची विहीर शिवारात आहे की नाही ते पाहून येईल.

आपल्या समाजात शिष्यवृत्ती देणारे विश्वस्त निधी थोडे नाहीत. त्यांपैकी एखाद्याने हे काम अंगावर घेतले, तर अर्जात ‘काय सिद्ध करणार’ हे विचारू नये. कोणता प्रश्न आहे आणि कोणती कागदपत्रे पाहणार, एवढेच विचारावे. ज्याच्यावर ठपका येतो त्याचे म्हणणे घेतले की नाही, हे मार्गदर्शकाने तपासावे. ‘गैरप्रकार आढळला नाही’ असा अहवालही पूर्ण काम म्हणून स्वीकारावा. प्रसिद्धीपूर्वी मजकूर दात्याने पाहू नये. आणि चौकशीचा रोख उद्या आपल्याच गावच्या पतसंस्थेकडे, बाजार समितीकडे किंवा एखाद्या विश्वस्ताच्या कारखान्याच्या सांडपाण्याकडे वळला, तरी पुढचा हप्ता ठरल्या तारखेला विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होईल, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून त्यावर सर्व विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात.