ईव्ही परवडते का? आधी तुमचे महिन्याचे किलोमीटर सांगा

गणपतीच्या महिनाभर आधीची गोष्ट आहे. आमच्या बॅचमधला एक जण क्लास संपल्यावर मागे थांबला. राहायला कोल्हापुरात, कपड्यांचं दुकान इचलकरंजीत. घरात आई, बायको आणि दोन मुलं. हातात इलेक्ट्रिक एसयूव्हीचं कोटेशन होतं.

"सर, पेट्रोलला महिन्याला बारा हजार चाललेत बघा. ईव्ही घेतली तर हप्ता पेट्रोलमधूनच निघतोय. सहा लाख डाउन पेमेंट तयार आहे. घेऊ का?"

मी विचारलं, "हे सहा लाख कुठले?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "दिवाळीच्या मालाचे."

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, म्हणून त्याच्यासोबत बसून केलेला हिशेब इथे जसाच्या तसा मांडतोय. आकडे त्याचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

रेंज: कागदावरची आणि रस्त्यावरची

जाहिरातीतली रेंज ठरलेल्या चाचणीतली असते. त्या चाचणीत तुमचं कुटुंब, सामान, एसी आणि हायवेचा स्पीड नसतो. ४५ युनिटची बॅटरी असलेल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. चाचणीतला आकडा ४८९ किमी आहे. पण टाटा स्वतःच 'सी ७५' नावाचा दुसरा आकडा देते, म्हणजे १०० पैकी ७५ ग्राहकांना प्रत्यक्ष मिळेल अशी रेंज. तो ३५० च्या थोडा वर आहे. शोरूममध्ये गेलात की हा दुसरा आकडा विचारा.

मी तर त्याहून सोपं गणित करतो. कुटुंबाची एसयूव्ही बॅटरीतल्या एका युनिटवर ६ ते ७ किमी जाते. बॅटरी गुणिले ६, आणि त्यातले २० टक्के हाताशी राखून ठेवायचे. ४५ युनिटला २७० किमी होतात, राखीव सोडून सुमारे २१५.

मेव्हण्याची अशीच गाडी घेऊन आम्ही पुण्याला गेलो होतो. पाच माणसं, एसी चालू, स्पीड ८० ते ९०. अंतर साधारण २३० किमी. घरून १०० टक्क्यांवर निघालो, पुण्यात १७ टक्के शिल्लक होते. मधे चार्जिंग केलं नाही, कराडला चहा तेवढा घेतला.

येताना मात्र धडा मिळाला. उशीर झाला म्हणून ८० टक्क्यांवरच निघालो, वर स्पीड शंभरच्या पुढे. साताऱ्याजवळ चार्जिंग करायचं ठरवलं होतं, तिथलं मशीन बंद. बॅटरी ३८ टक्के. कराडला पोचलो तेव्हा २० टक्के उरले होते आणि आमच्या आधी एक गाडी लागलेली. नंबर यायला २५ मिनिटं आणि चार्जिंगला ४० मिनिटं गेली. मागे मुलं कंटाळून रडत होती. कुणी अडकलं नाही, पण एक नियम पक्का झाला: हायवेवर एक चार्जर ठरवायचा आणि तो बंद निघाला तर पुढचा गाठता येईल एवढी बॅटरी ठेवायची. दोन वेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप मोबाईलमध्ये हवीत, आणि त्यात पैसे आधीच भरलेले हवेत.

घाटाची भीती किती खरी?

"सर, आंबा घाट चढताना बॅटरी संपते म्हणे!" हा प्रश्न हमखास येतो. गणित करून बघू. माणसांसकट गाडीचं वजन १९०० किलो धरा आणि कोकणातून वर येताना चढ ६०० मीटर. एवढं वजन एवढं वर उचलायला सुमारे ३.१ युनिट लागतात. वाटेतलं नुकसान धरून साडेतीन म्हणू. म्हणजे घाटाने साधारण २० किमीची रेंज खाल्ली. उतरताना गाडी ब्रेक लावत लावत त्यातला बराच भाग परत बॅटरीत भरते. तेव्हा रत्नागिरी, गणपतीपुळ्याला जाताना घाटासाठी २० ते २५ किमी जादा धरा आणि निर्धास्त जा. घाटापेक्षा हायवेवरचा १२० चा स्पीड बॅटरीला जास्त महाग पडतो.

चार्जिंग: गाडी बघायच्या आधी पार्किंग बघा

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत अनेकांची गाडी गल्लीत लागते. ज्यांच्या घरी स्वतःचं पार्किंग नाही आणि तिथे आपल्या मीटरवरची वायर पोचत नाही, त्यांनी सध्या ईव्हीचा विचार बाजूला ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. रोज बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहिलात तर पैसाही जातो आणि वेळही.

पार्किंग असेल तर पुढचं सोपं आहे. साधा १५ अँपिअरचा सॉकेट तासाला जवळपास ३ युनिट देतो. आमच्या मित्राचं जाणं-येणं रोजचं ६० किमी. त्याला १० युनिट लागणार, म्हणजे रात्रीचे साडेतीन तास. त्याला भिंतीवरच्या ७.२ किलोवॅटच्या मोठ्या चार्जरची गरजच नाही. ज्यांचं रोजचं फिरणं दीडशे-दोनशे किमी आहे त्यांनी तो बसवावा. पण दोन्ही बाबतीत इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, चार्जिंगला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी घ्या, आणि घराचा मंजूर भार पुरतो का ते बघा.

आपल्या गावापुरती आणखी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण कोणीच विसरलो नाही. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळीसारख्या भागात राहत असाल तर चार्जिंगचा पॉइंट पाणी आलेल्या खुणेच्या वर घ्या. तळघरात तर नकोच.

एक युनिट तुम्हाला कितीला पडतं?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. "ईव्हीला किलोमीटरला एक रुपया लागतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात विजेचा दर पाच-सहा रुपये धरलेला असतो.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा वाढला की दर वाढतो. वर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. आता मित्राचं बघा. घरचा वापर महिन्याला १८० युनिट. गाडी १,५६० किमी धावणार. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवरच्या एका युनिटला ६ किमी, म्हणजे २६० युनिट. एकूण झाले ४४०. गाडीची सगळी वीज वरच्या दोन टप्प्यांत पडली. त्याच्या बिलावर हिशेब केला तर गाडीचं युनिट १५ रुपयांच्या आसपास आलं. किलोमीटरला अडीच रुपये.

हा खर्च कमी करायचे दोन रस्ते आहेत. महावितरणमध्ये ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे. आपल्या उपविभाग कार्यालयात जाऊन वेगळ्या मीटरची चौकशी करा. दुसरा रस्ता छतावरच्या सोलरचा. १ किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. दुकानाच्या मीटरवर गाडी लावायचा मोह मात्र टाळा. तो दर व्यापारी असतो.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला साधारण १८ ते २५ रुपये पडतात. २२ धरले तर किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या जवळ. पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण एक रुपया नव्हे.

आता खरा हिशेब

पेट्रोल एसयूव्ही लिटरला १३ किमी देते असं धरू, पेट्रोल १०५ रुपये. किलोमीटरला ८ रुपये. ईव्ही आणि तशाच पेट्रोल गाडीच्या ऑन-रोड किमतीत फरक साडेतीन लाख धरू, कर्जाचा दर ९ टक्के. ईव्हीचा विमा थोडा महाग असतो, सर्व्हिसिंग स्वस्त असतं. दोन्ही एकमेकांत जिरले असं समजू.

मित्र: महिन्याला १,५६० किमी. पेट्रोल १२,६०० रुपये, वीज ३,९०० रुपये. बचत ८,७००. जादा दिलेले साडेतीन लाख व्याजासकट ४ वर्षांत वसूल.

मी: माझं दुकान घरापासून जवळ. महिन्याला ६०० किमी. पेट्रोल ४,८५०, वीज १,५००. बचत ३,३५०. साडेतीन लाखांवरचं पहिल्या महिन्याचं व्याजच २,६२५ रुपये. व्याजासकट वसुलीला लागतात १७ वर्षे!

गाडी तीच, उत्तरं दोन. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी असते. वसुली त्याच्या आत बसली पाहिजे. त्याची बसते, माझी बसत नाही. म्हणून ईव्हीवर एवढं बोलणारा हा माणूस अजून जुन्या पेट्रोल गाडीतूनच फिरतो. हौस असेल तर जरूर घ्या, पण मग तिला हौस म्हणा, बचत म्हणू नका.

कराचंही थोडं बघा. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. म्हणून जुन्या व्हिडिओतले किमतीतले फरक वापरू नका, आजची दोन्ही कोटेशनं घ्या. कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्या दुकानदाराला मिळत नाही. आयकरात मात्र साध्या कारला १५ टक्के घसारा धरतात तिथे इलेक्ट्रिक गाडीला ४० टक्के दर आहे, तोही धंद्यासाठी जेवढा वापर असेल तेवढ्याच हिश्शावर. सीएशी बोलून मगच धरा. टोलमाफीवरही गाडी घेऊ नका. राज्याच्या २०२५ च्या धोरणात माफीसाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू अशी नावं आहेत. आपल्या पुण्याच्या रस्त्यावर किणी आणि तासवडे लागतात, त्यांचं नाव त्यात नाही.

मग त्याने गाडी घेतली का?

गणित त्याच्या बाजूचं होतं. तरी मी त्याला म्हटलं, "अजून एक ओळ लिही. सहा लाखांचा माल दिवाळीपर्यंत किती वेळा फिरतो?"

"दोनदा तरी."

"मार्जिन?"

"वीस टक्के धरा."

म्हणजे २,४०,००० रुपये ढोबळ नफा. आणि त्याच तीन महिन्यांत गाडीने वाचवले असते २६,१००. तो कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "घरी बायकोने हेच विचारलंवतं सर. गाडी आपल्याला पायजे का दुकानाला? मी म्हटलं दोघांना."

त्याने माल भरला. गाडी दिवाळीनंतर घेतली, डाउन पेमेंट अडीच लाखांचं. कर्ज थोडं जास्त झालं, पण गाडीचं कर्ज सहसा धंद्याच्या कर्जापेक्षा स्वस्त मिळतं, आणि दुकानातला पैसा दुकानात राहिला. आता तो रोज रात्री सॉकेटला गाडी लावतो आणि महिन्याचं वीजबिल वहीत लिहितो. पहिल्या महिन्याचं बिल बघून दचकला होता. पेट्रोलची जुनी पानं उलटून बघितल्यावर शांत झाला.

तुम्ही गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर या ५ ओळी लिहा:

१. महिन्याचे किलोमीटर. अंदाज नको, ओडोमीटरचे दोन फोटो महिन्याच्या अंतराने काढा.
२. घरी चार्जिंगला जागा आहे का, आणि तिथे तुमच्या मीटरवरची वायर पोचते का.
३. वीजबिलातला तुमचा टप्पा, आणि गाडीचे युनिट मिळवल्यावर होणारा टप्पा.
४. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक आणि त्यावरचं व्याज.
५. डाउन पेमेंटचा पैसा कुठून येतोय. तो मालाचा असेल तर सीझन होऊ द्या.

महिन्याला हजार किमीच्या आत असाल तर घाई करू नका. पंधराशेच्या वर असाल आणि घरी पार्किंग असेल तर हिशेब करायला आजच बसा. कागद भरला की मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले तीन-चार हिशेब नावं न घेता सोडवून दाखवतो.