दूध उपासाला चालतं का?

देवणी लातूरची, लाल कंधारी नांदेडची. गायींच्या या दोन देखण्या जातींच्या मुलखात असला प्रश्न कुणाला पडतच नाही. एकादशीला दूध, ताक सगळं चालतं. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर दही तर हवंच. ख्रिस्ती उपासाच्या जुन्या नियमात मात्र दूधच वर्ज्य! मांस सोडलं, की जनावराकडून येणारं दूध, लोणी, चीज हेही सोडायचं, असा त्यामागचा विचार.

लोण्यावाचून जर्मनीतल्या सॅक्सनीचं फार अडलं. तिथल्या राज्यकर्त्यांनी थेट पोपकडे गाऱ्हाणं नेलं. 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी परवानगी दिली, पण चर्चच्या बांधकामाला पैसे देण्याच्या अटीवर. ते पत्र ‘लोण्याचं पत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. ड्रेस्डेनचा नाताळातला श्टोलन, आधी तेलात भागवलेला कोरडा पाव, पुढे लोण्याने लुसलुशीत झाला. फ्रान्समध्ये रुआंच्या कॅथेड्रलला तर ‘लोण्याचा बुरुज’च आहे! उपासात लोणी खाण्याच्या सवलतीपोटी भाविकांनी दिलेला पैसा त्याच्या बांधकामात गेला.

रशियात मोठ्या उपासाआधीच्या आठवड्याचं नावच लोण्यावरून पडलंय: मासलेनित्सा. मांस बंद, पण लोण्यात भिजलेली पातळ धिरडी पोटभर.

सगळ्यात कडक इथिओपिया. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जवळजवळ वर्षभर बुधवार-शुक्रवार पाळतात, शिवाय मोठे उपास वेगळे. या दिवसांत दूध नाही, अंडं नाही. डाळी आणि भाज्यांवर भागवायचं. लांबलचक उपासात दुधाची मागणीच घसरते, आणि शिल्लक दुधाचं लोणी-चीज करून ठेवावं लागतं. श्रद्धेचा हिशेब थेट गोठ्यापर्यंत पोचतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या दूध उत्पादकांना ती लगेच कळेल.

नांदेड-लातूरचे कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. त्यांना राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी मांस वर्ज्य, दूध मात्र चालतं; पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये ते स्पष्टच केलं. केरळच्या सीरियन परंपरेतल्या अनेक घरांत मात्र ईस्टरआधीचे पन्नास दिवस मांस-मासळीबरोबर दूधही बंद असतं.

तेव्हा उपासाच्या दिवसांत ख्रिस्ती शेजारी घरी आले, तर चहा टाकण्याआधी एवढं जरूर विचारा: दुधाचा की कोरा?