हाड धरेपर्यंत

मणक्याच्या क्षयाचं ऑपरेशन असलं की ट्रॉली लावायला मला जास्त वेळ लागतो. हाड कुरतडायचे निबलर, खरवडायचे क्युरेट, मापामापाचे टायटॅनियमचे स्क्रू, दोन सळया आणि नमुन्यांच्या बाटल्या. त्यांतल्या एकीत फॉर्मॅलिन, बाकीच्यांत नुसतं सलाईन. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चरमध्ये उगवणार काय?

त्या दिवशी टेबलावर पालथा झोपवलेला मुलगा आमच्याच मजल्यावरचा, वरळीच्या बीडीडी चाळीतला. पाठ दुखते म्हणून कितीतरी महिने बाम, मालीश आणि पट्टा चालला होता. रात्री दुखण्यानं जाग यायची, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं. जिना चढताना पाय लटपटायला लागले तेव्हा कुठे एमआरआय झाला. लगतचे दोन मणके पोखरलेले, मधली चकती संपलेली आणि पू मज्जारज्जूला दाबत असलेला.

क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतो, रक्तातून हाडात पोचतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920च्या दशकात बांधलेल्या आमच्या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब झोपतं. कुणाच्या खोकल्यातून कुणाला आणि कधी लागण झाली, हे शोधण्यात अर्थ नसतो.

मणक्याचा क्षय झाला म्हणजे ऑपरेशन, असं नाही. औषधं नव्हती तेव्हा अमेरिकेत आल्बी यांनी 1911 साली नडगीचं हाड काढून मणके मागून सांधले. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी 1956 साली पुढून शिरून कुजका भाग काढायची आणि त्या पोकळीत हाड बसवायची पद्धत मांडली. पण तोवर क्षयावरची औषधं आली होती. आपल्याकडे डॉ. एस. एम. तुली यांनी मधला मार्ग रूढ केला : आधी औषध, चाकू गरजेपुरता. पायांतली ताकद जात असेल, पाठ खचत असेल, तर ती गरज.

सर्जननी आधी वरच्या आणि खालच्या निरोगी मणक्यांत स्क्रू बसवले, प्रत्येक स्क्रू सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघून. मग एका बाजूला तात्पुरती सळई. कारण कुजका भाग काढताना कणा सरकला तर मज्जारज्जू चेपेल. त्यानंतर दुसऱ्या बाजूनं फासळीचा तुकडा कापून वाट केली. हा तुकडा टाकायचा नसतो. मी तो ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बाजूला ठेवते. पू आला, सक्शन चाललं, बाटल्या भरल्या. जीन-एक्स्पर्ट चाचणीत रिफाम्पिसिन हे क्षयावरचं औषध लागू पडेल की नाही हे काही तासांत कळतं. कल्चरला आठवडे लागतात. मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय पुष्कळ, त्यामुळे या बाटल्यांना स्क्रूइतकंच महत्त्व.

मग खरवडणं. हाडातून ताजं रक्त येईपर्यंत क्युरेट थांबत नाही, कारण बसवलेल्या हाडाचं कलम जिवंत हाडावरच धरतं. त्या पोकळीत फासळीचे तुकडे भरलेला जाळीचा पिंजरा बसवला. कधी कमरेचं हाड घ्यावं लागतं. तेही कमी पडलं तर दान केलेलं हाड वापरता येतं. टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी 1988पासून असं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. शेवटी दोन्ही सळया आवळल्या. सुतार सरस लावून शिकंजा कसतो, तेवढंच या धातूचं काम. सरस वाळला नाही तर शिकंजा कितीही कसा, एक दिवस सुटणारच. हाड धरलं नाही तर स्क्रूही सैल होतात. क्षयाचा जंतू इतर पूजंतूंसारखा धातूला थर करून फारसा चिकटत नाही, म्हणून औषधं चालू असतील तर संसर्गाच्या जागीही धातू चालतो.

ऑपरेशन काही तासांचं. हाड धरायला महिने लागतात आणि ते महिने चाळीत काढायचे असतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास सार्वजनिक. छातीला ब्रेस बांधलेल्या मुलाला पोरं आधार देऊन टोकापर्यंत न्यायची. तिथे लघवी तांबूस झालेली बघून तो घाबरला. ते रिफाम्पिसिनमुळे होतं. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “त्याचा कप वेगळा ठेवायचा का गं?” मी म्हटलं, “छाती साफ आहे काकू, मणक्यातला जंतू हवेत येत नाही. आणि छातीत असता तरी कपानं लागला नसता.” क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळत होते, ते त्याची आई अंड्यांवर खर्च करायची.

वर्षानं एक्स-रे काढला. कलम आणि मणका यांच्यातली रेघ पुसली गेली होती. तिन्ही मजले तो स्वतः उतरून आला होता.

“आता सळया काढायच्या ना, डॉक्टर?” आईनं विचारलं.

“राहू द्या, मावशी. आता त्यांना काही काम उरलेलं नाही. गोळ्या मात्र मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत.”